१८ हजार किलोमीटर चाललेली पद्मिनी आणि माझगावचे एक गॅरेज

माहीमच्या आमच्या काकांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी २४ वर्षे त्यांच्या सोसायटीतील बंद गॅरेजमध्ये उभी होती. काकांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर तिच्यावर ताडपत्री चढली, काकू दरमहा गॅरेजचे पैसे भरत राहिल्या आणि घरात गाडीचा विषय निघेनासा झाला. दादर, माटुंगा, पार्ले या भागांतील जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या की गॅरेजची कुलुपे उघडावी लागतात आणि अशा गाड्या उजेडात येतात. आमचीही तशीच आली. काट्यावर १८,३०६ किलोमीटर दिसत होते, त्यामुळे ‘गाडी जवळजवळ नवीच आहे’ असे सर्वांनी ठरवून टाकले. त्यात मीही होते.

गाडी पुन्हा चालती करण्यासाठी ती माझगावच्या एका जुन्या गॅरेजमध्ये टोचन करून नेली. त्या कामाबद्दल हे लिहीत आहे. तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे गॅरेजचे नाव देत नाही.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. “ताई, काटा पाच आकडी आहे, एक लाख झाले की पुन्हा शून्यावर येतो. किलोमीटर वाचू नका, पेडल बघा,” असे म्हणून ते गाडीत वाकले. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवरील रबराच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडताना खाली झुकत नव्हता, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर चारही जागी खटकन बसत होता. पद्मिनीच्या टॅक्सीत बसून ज्यांनी तो दांडा तासन्‌तास हलताना पाहिला आहे, त्यांना या ‘खटकन’चा अर्थ कळेल. चाक काढून ब्रेकचा ड्रम तपासला, तर आतल्या कडेला झिजेची पायरी पडलेली नव्हती. शिवाय दरवाज्याच्या चौकटीवर तेल बदलल्याची कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर तारीख आणि १७,९४० हा आकडा होता. त्यानंतर त्यांनी मागची सीट उचलून गालिच्याखाली चिखलाची रेघ आहे का ते पाहिले, कारण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. सुदैवाने सोसायटीच्या गॅरेजचा जोता उंच असल्यामुळे पाणी आत आले नव्हते. काटा खरा निघाला.

पण काटा खरा असल्याने खर्च वाचत नाही, हे मला येथे कळले. गाडी चालल्याने जे झिजते ते सारे शाबूत होते, आणि उभी राहिल्याने जे बिघडते ते सारे बिघडले होते. टाकीच्या तळाशी पेट्रोलचा वॉर्निशसारखा चिकट थर साचला होता आणि कार्बोरेटरची जेट त्यानेच बुजली होती. ब्रेक ऑइल हवेतील दमट अंश शोषून घेते, त्यामुळे चारही व्हील सिलिंडर आतून गंजून जाम झाले होते. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. टायरांची नक्षी पूर्ण होती, पण रबर इतके कडक झाले होते की नखही रुतत नव्हते. उंदरांनी मागच्या सीटमध्ये संसार थाटला होता, आणि वायरिंगही त्यांच्याच तावडीतून अर्धेमुर्धे सुटले होते. माहीमच्या खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा दोन ठिकाणी कुजवला होता.

इंजिनाच्या बाबतीत या लोकांचा संयम मला विशेष आवडला. मी आणखी एका ठिकाणी चौकशी केली होती. तेथे बॅटरी लावून थेट स्टार्टर मारून पाहू असे म्हणाले होते. येथे चारही प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले, पाच दिवस काहीच केले नाही, आणि सहाव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून हातानेच फिरवायला सुरुवात केली. आधी केसभर, मग पाव फेरा, मग पूर्ण. १,०८९ सीसीचे ते इंजिन न उघडता सुटले. पिस्टनच्या रिंगा गंजलेल्या असताना स्टार्टर मारला असता, तर सिलिंडरला ओरखडे पडून सगळे बोअरिंगवर, म्हणजे इंजिन उघडून सिलिंडर नव्याने तासण्यावर, गेले असते. पेट्रोलचे सर्व रबरी पाइपही त्यांनी आपणहून बदलले, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर ते सोसत नाही. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आले. गाडीचा कारखानाही कुर्ल्याचाच, त्यामुळे काकू ‘माहेरचा आहेर’ म्हणाल्या.

आता तक्रारी. सहा आठवडे सांगितले होते, पाच महिने लागले. ६५ हजारांचा अंदाज १ लाख १२ हजारांवर गेला. पत्र्याचे काम आधी दिसले नव्हते हे मान्य, पण फोन करून विचारायला हवे होते. नोंदणीचे काम आपण करत नाही, हे त्यांनी गाडी तयार झाल्यावर सांगितले. ५० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण आमच्या गाडीला त्यासाठी २०३४ उजाडेल. तोवर नेहमीचे नूतनीकरण, आणि २० वर्षांवरील मोटारीला त्याचे शुल्कच १० हजार रुपये. हा खर्च पहिल्याच दिवशी कानावर घालायला काय हरकत होती?

सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. धुलाई करणाऱ्या मुलाने चौकट घासून लख्ख केली आणि तेल बदलल्याची चिठ्ठी निघून गेली. ती काकांच्या अक्षरात होती, आणि १८ हजार किलोमीटरचा गाडीवरचा तेवढाच लेखी पुरावा होता. मिस्त्री खरोखर ओशाळले, त्यांनी मजुरीतून दोन हजार कमी केले. माझ्या मोबाइलमध्ये तिचा फोटो आहे, पण फोटो तो फोटोच.

तरीही अशी गाडी असेल तर याच गॅरेजमध्ये न्यावी, असे मी सांगेन. फक्त अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि दर आठवड्याला स्वतः चक्कर मारावी. पहिल्या ५०० किलोमीटरनंतरची ब्रेकची तपासणी ते मोफत करणार आहेत. सध्या काटा १८,५९१ वर आहे, आणि त्या तपासणीला गाडी देण्यापूर्वी डॅशबोर्डच्या कप्प्यातील काकांची सर्व्हिसची वही मी घरी काढून ठेवली आहे.