गुडघ्यातलं जेल: आठ महिन्यांनंतर

गुडघ्यात जेलचं इंजेक्शन घेऊन आठ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या आणि चौथ्यात नुसतं कौतुक केलं असतं. म्हणून थांबले.

वय 61. उजव्या गुडघ्याची झीज तिसऱ्या ग्रेडची, म्हणजे बऱ्यापैकी वाढलेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढताना फारसं काही नाही, उतरताना जीव जायचा. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलायची घाई नको, आधी जेल टाकून बघू. आमच्या सोसायटीत याला 'ग्रीस भरणं' म्हणतात.

मी माळकरी. या औषधाचा जुना प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, हे भाच्यानं आधीच सांगून घाबरवलं होतं. डॉक्टर हसले. "काकू, जिवाणू वाढवून काढलेलंही मिळतं. इडलीचं पीठ आंबतं, तसलाच प्रकार समजा." तेच घेतलं: 3 मिली, त्यात 60 मिलिग्रॅम हायलुरोनिक अ‍ॅसिड, एकच सुई. (हे द्रव्य 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांना पहिल्यांदा सापडलं ते गुरांच्या डोळ्यांत. म्हणजे माळकऱ्यांची सोय व्हायला बराच काळ लागला.)

जेलच का, साधं द्रव का नाही, हे मी खोदून विचारलं. हे अ‍ॅसिड आपल्या सांध्याच्या वंगणात मुळात असतंच. झीज झाली की ते पातळ होतं, कमी पडतं. पण तेच बाहेरून नुसतं घातलं तर शरीर ते एक-दोन दिवसांत धुऊन काढतं. म्हणून त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना रसायनानं जोडतात. सुटे धागे वाहून जातात, विणलेलं जाळं पाणी धरून बसतं. ते विरघळायला काही आठवडे लागतात. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र यानं परत येत नाही. रिसेप्शनवरच्या माहितीपत्रकात हे वाक्य बारीक अक्षरांत होतं, आणि याचाच मला राग आला.

पहिले तीन दिवस गुडघा सुजून टम्म. बर्फ शेकला, जिने बंद. पाच आठवडे काही फरक नाही. पैसे बुडाले म्हणून घरी ऐकूनही घेतलं. सहाव्या आठवड्यात दूध आणायला खाली गेले आणि कठड्याला हात न लावता उतरले, हे खाली पोचल्यावर लक्षात आलं! पुढचे चार महिने उत्तम गेले. वेदनाशामक गोळी आठवड्याला पाचवरून एकावर आली.

आता खरी गोम. त्याच काळात फिजिओथेरपिस्टनं मांडीचे व्यायाम लावले होते आणि माझं वजनही 4 किलो उतरलं. श्रेय कुणाचं? 2022 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत या औषधाचा फायदा अगदीच किरकोळ निघाला. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांची संघटनाही सरसकट देऊ नका म्हणते. हे वाचून माझं दुखणं परत आलं नाही, पण शेजारच्या वहिनींना "घ्याच" म्हणायचं मी बंद केलं.

खर्च 20 हजारांच्या घरात. विमा कंपनीनं हात वर केले. रात्रभर दाखल नव्हतात म्हणे. हे आधी विचारून घ्या.

सातव्या महिन्यापासून सकाळचा आखडलेपणा परत आलाय. पहिल्या दहा पावलांना दुखतं, मग सुटतं. मांडी घालून बसणं जमलं नाही ते नाहीच. हरिपाठालाही खुर्ची लागते. दुसरी सुई आत्ता घेणार नाही. व्यायाम चालू ठेवून दिवाळीपर्यंत बघते.