पेन, सेन्सर की पंप : सांगली-साताऱ्यात राहून ठरवताना

टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा मधुमेह, असलेल्या घरात इन्सुलिन पंपाचा, म्हणजे अंगावर लावून दिवसभर इन्सुलिन देणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की पहिली चौकशी होते ती किमतीची, आणि काही लाखांचा आकडा ऐकून बोलणे बहुधा तिथेच थांबते. माझ्या मते आधी विचारायला हवे ते दरमहाच्या खर्चाचे आणि पुरवठ्याचे. कारण यंत्र एकदा हप्त्यांवरही घेता येते, पण त्याला लागणारे साहित्य यंत्र अंगावर आहे तोवर घ्यावेच लागते.

इन्सुलिन टोचायच्या पेनची पद्धत साधी आहे. दिवसभर पुरणारे दीर्घ परिणामाचे इन्सुलिन बहुधा एकदा आणि प्रत्येक जेवणाआधी जलद इन्सुलिन घ्यायचे. सुया आणि काडतुसे मिरजेच्या दवाखान्यांच्या परिसरात सहज मिळतात आणि पेन बिघडले तर दुसरे घेऊन काम चालते. उणीव एवढीच की एकदा टोचलेले दीर्घ परिणामाचे इन्सुलिन परत घेता येत नाही. संध्याकाळी मैदानावर दमलेल्या मुलाची साखर पहाटे उतरू लागली, तरी ते आपले काम करीतच राहते.

पेनला साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरची जोड दिली, तर ही उतरण निदान आधी कळते. दंडावर चौदा दिवस राहणारा सेन्सर साधारण चार-पाच हजारांच्या घरात पडतो आणि महिन्याला असे दोन लागतात. ज्यांना तेवढे जमत नाही, त्यांनी आहारात किंवा डोसात बदल करताना एखादा लावला, तरी भाकरीनंतर आणि पुरणपोळीनंतर साखर कशी वेगवेगळी चढते हे डोळ्यांना दिसते. बोटातून रक्त काढून पट्टीवर तपासण्याची गरज मात्र पूर्ण संपत नाही.

पंपात फक्त जलद इन्सुलिन भरतात आणि ते पोटाच्या त्वचेखालच्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने दिवसभर जात राहते. सेन्सरशी जोडलेले स्वयंचलित पंप साखर उतरण्याचा अंदाज घेऊन पुरवठा स्वतःच रोखतात आणि रात्रीच्या झोपेसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र नळीचा संच दर दोन-तीन दिवसांनी, म्हणजे महिन्याला दहा ते पंधरा वेळा बदलावा लागतो. नळी दुमडली किंवा घामाने चिकटपट्टी सुटली, तर अंगात दीर्घ परिणामाचे इन्सुलिन नसल्यामुळे काही तासांत रक्तात कीटोन नावाची आम्ले वाढून रुग्णालय गाठण्याची वेळ येऊ शकते. एप्रिल-मेच्या उन्हात उसाच्या रानात काम करणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे, कारण उष्णतेने पंपातले इन्सुलिनही निकामी होऊ शकते. शिवाय २०१९ च्या महापुरात सांगलीचे रस्ते बंद झाले होते, तेव्हा कुरिअरवर विसंबणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी महिन्याभराचे साहित्य घरात ठेवावे हे उघड आहे.

मग पंपाने साखर किती सुधारते? ब्रिटनमधील रिपोज या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात पेनवाल्यांना आणि पंपवाल्यांना सारखेच प्रशिक्षण दिल्यावर दोन वर्षांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत लक्षणीय फरक उरला नाही. ते पंप आजच्यासारखे सेन्सरच्या आधारे स्वतः पुरवठा बदलणारे नव्हते हे खरे; तरीही ताटातले पिष्ट मोजून डोस ठरवायला न शिकता पंप घेणे मला पैसे वाया घालवण्यासारखे वाटते. ज्यांची साखर वारंवार आणि जाणवल्याशिवाय उतरते, त्यांच्यासाठी मात्र मी पंपाच्याच बाजूने मत देईन. बाकीच्यांनी आधी सेन्सर आणि प्रशिक्षण यांवर खर्च करावा.

विमा कंपनीकडून बाहेरून लावायच्या उपकरणांबाबतचे उत्तर लेखी घ्यावे, कारण अनेक पॉलिसींमध्ये ती वगळलेली असतात. सरकारी रुग्णालयात मोफत मिळणारे इन्सुलिन बहुधा ४० च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या, कुपीत असते आणि पंपाला १०० चे लागते, त्यामुळे त्या पुरवठ्यावर पंप चालेल असे धरून चालू नये.

विक्रेत्याशी बोलताना सूट किती यापेक्षा यंत्र रात्री बंद पडल्यास कोण फोन उचलतो, बदली यंत्र पुण्याहून किती दिवसांत येते आणि आधी काही दिवस वापरून पाहता येते का, हे विचारावे. पंप घेतला तरी दोन्ही प्रकारची पेन घरात असू द्यावीत. नाहीतर पंप बंद पडल्यावर रात्री घाईत पंपाचे १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले जाते आणि दहाऐवजी पंचवीस युनिट अंगात जातात.