आठ महिने, अकरा रोल आणि एका सेलचा छळ

कॅमेरा नेमका कोणता ते सांगत नाही, कारण 1960-70 च्या दशकांतल्या बऱ्याच जपानी एसएलआरची (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यांची) सेलबाबत हीच रड आहे. मेकॅनिकल शटर, 50 एमएमची लेन्स, आत उजेड मोजणारा, सेलवर चालणारा कॅडमियम सल्फाइडचा मीटर. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच. लेन्स उत्तम. शटरचा आवाज ऐकून जीव सुखावतो. मागच्या दाराचा उजेड अडवणारा फोम चिकट डांबर झाला होता, तो खरवडून नवा लावला. झालं, कॅमेऱ्याबद्दल एवढंच. आता सेलबद्दल.

मामाने कॅमेरा दिला तेव्हा तळाच्या कप्प्यात जुना सेल तसाच होता. पाऱ्याचा, 1.35 व्होल्टचा. तो कधीच मेला होता. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळाला, चपखल बसला, मीटरचा काटाही टुणकन हलला. मी खूश. पहिला रोल धुऊन आला तेव्हा सावलीतल्या माणसांच्या केसांच्या जागी नुसते काळे गोळे होते.

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने कॅमेरा उघडलाही नाही. “मीटर गेलाय, बदलावा लागेल,” म्हणाला आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरा कॅमेरा आला असता. सेलचा काही दोष असेल का, असं विचारलं तर म्हणे, “सेल म्हणजे सेल, साहेब.” माझा पारा चढला. कॅमेरा उचलून घरी आलो.

घरी साधी परीक्षा घेतली. लख्ख ऊन, 200 आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा). अशा उन्हात लेन्सचं छिद्र एफ 16 ठेवायचं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर एक भागिले आयएसओच्या आसपास, म्हणजे 1/250 सेकंद. माझा मीटर 1/250 ला एफ 22 मागत होता. म्हणजे उजेड दुप्पट आहे असं त्याला वाटत होतं. ताजा अल्कलाइन सेल दीड व्होल्ट देतो आणि काटा तेवढा पुढे पळतो. बरं, तेवढ्यावरही थांबत नाही. सेल उतरत जातो तसा काटाही मागे येतो. दीड महिन्याने तोच मीटर अगदी बरोबर एफ 16 सांगू लागला, निव्वळ बोलाफुलाला गाठ! पुढच्या महिन्यात एफ 11 वर घसरला. पाऱ्याच्या सेलचं तसं नव्हतं. मरेपर्यंत 1.35 म्हणजे 1.35. त्याच भरवशावर कित्येक कंपन्यांनी व्होल्टेज सांभाळणारं सर्किट बसवलंच नाही. त्याआधीच्या सेलेनियमच्या मीटरना सेलच लागत नसे, उजेडावरच वीज तयार व्हायची. मंद उजेडात ते आंधळे, एवढंच.

पाऱ्याचे सेल बंद झाले ते विषामुळे, आणि ते योग्यच झालं. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांत उतरला, आणि 1956 मध्ये तो आजार उघडकीला आला. पाऱ्यावरच्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचं नाव आहे. गंमत म्हणजे फोटोग्राफीचं पाऱ्याशी नातं जन्मापासूनचं. 1839 मध्ये जगासमोर आलेल्या फ्रान्सच्या लुई दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचं चित्र तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवरच उमटवत. ती वाफ नाकात घेणाऱ्यांच्या मानाने माझी तक्रार फारच किरकोळ आहे. तरी ती मी करणारच.

पाचव्या रोलपासून श्रवणयंत्रातला झिंक-एअर सेल वापरू लागलो. 1.4 व्होल्ट, शिवाय स्थिर. आकाराने लहान असल्याने तांब्याच्या तारेचं कडं वळून त्यात बसवला. काटा एफ 16 वर! तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हाच उपाय. आता ते शब्द मागे घेतो. मागची चिकटपट्टी काढली की हा सेल हवा पिऊ लागतो, आणि तुम्ही फोटो काढा न काढा, दोनेक महिन्यांत संपतो. माझा आठव्या रोलच्या मधोमध संपला, लग्नाच्या मांडवात.

त्या दिवशी काटा नुसता लोळत पडला होता. नाइलाजाने अंदाजाने काढले. आणि तो रोल सगळ्यांत चांगला आला. निगेटिव्ह फिल्म एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्तीचा उजेड सहज पचवते, तिला कमी उजेड मात्र चालत नाही. मला आधीच हे सुचलं असतं तर चार महिन्यांची चिडचिड वाचली असती. नववा, दहावा, अकरावा रोल सेलशिवायच काढले. ऊन असेल तर एफ 16, सावली पडत नसेल इतके ढग असतील तर एफ 8. शंका आली की एक स्टॉप उघडं.

फक्त स्लाइड फिल्मसमोर (जिच्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र उमटतं) हा अंदाजपंचे कारभार चालत नाही, तिथे अर्धा स्टॉपही दिसतो. त्यावरचा खरा उपाय म्हणजे 1.55 व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि व्होल्टेज उतरवणारा एक चिमुकला डायोड. डायोड आणून ठेवलाय. तो जोडून द्यायची मजुरी मात्र चार रोलांइतकी आहे, त्यामुळे तो ड्रॉवरमध्येच.

आणखी एक. सेलच्या कप्प्याचं झाकण नाण्याने फिरवा, स्क्रूड्रायव्हरने नको. माझ्या झाकणाची खाच निम्मी झिजलीय, आणि ते झाकण आता सेलपेक्षाही दुर्मीळ आहे.