सिंगल फेजवर ५ एचपीची मोटर चालवून देतो म्हणाला, माझे ४४,३०० गेले

डिचोलीला घरामागे खोबरेल तेलाचा घाणा टाकायचा होता. मोटर ५ एचपी, ४१५ व्होल्ट थ्री फेज, आणि घरात लाईन सिंगल फेज २३०. थ्री फेज कनेक्शनला खांब घालावे लागणार, वेळ जाणार, आणि मला चवथीच्या आधी तेल काढायचं होतं म्हणून ऑनलाईन कन्व्हर्टर शोधला, म्हणजे सिंगल फेजचं थ्री फेज करणारा बॉक्स, त्यालाच व्हीएफडी म्हणतात. घाई केलीस म्हणाल, पण मी विकणाऱ्या माणसाला तीनदा विचारलेलं, आऊटपुट ४१५ मिळणार ना? व्हिडिओ कॉलवर मीटर लावून ४१५ दाखवलंन त्याने! साधा मीटर व्हीएफडीच्या आऊटपुटवर भलताच आकडा दाखवतो हे मला नंतर वाइंडिंगवाल्याने सांगितलं.

२०,००० ॲडव्हान्स, १८,५०० माल आल्यावर, १,२०० ट्रान्सपोर्ट.

बॉक्स उघडला तेव्हा स्टिकरचा एक कोपरा सुटलेला होता. मी नखाने उचलला तर खाली दुसरा स्टिकर, त्यावर २.२ किलोवॅट आणि आऊटपुट "० ते इनपुट व्होल्टेज". वरच्यावर ५ एचपी, ४१५. २.२ किलोवॅट म्हणजे ३ एचपी, आणि इनपुट २३० तर आऊटपुट २३० च्या वर जाणारच नाही, एवढं स्पष्ट हातात होतं आणि मी अंगठ्याने तो कोपरा परत दाबून चिकटवला. का? कारण पैसे देऊन झाले होते. ते आठवलं की अजून झोप येत नाही.

४१५ च्या मोटरला २३० दिले की ताकद तिसऱ्या हिश्शावर येते. घाण्यात खोबरं पडलं की ओव्हरलोड ट्रिप. फोन केला तर म्हणतो सेटिंग वाढवा. वाढवलं, दहा मिनिटांत जळका वास. रिवाइंडिंग ४,६००. मग त्याचा फोन बंद.

तो सांगेल म्हणून सेटिंग वाढवू नका. आणि बॉक्स स्वतः खोलू नका, बंद केल्यावरही आत कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट डीसी काही वेळ राहतो.

पोलीस स्टेशनला गेलो तर हा व्यवहाराचा वाद, फसवणूक नव्हे, वकील गाठा. दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, अर्धा दिवस बाकावर बसवून ठेवलं, जसा काही मीच चोर! एका ऑफिसात म्हणाले धंद्यासाठी घेतलंत ना, मग तुम्ही ग्राहकच नाही. अहो, स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते, हे मी त्यांना सांगायचं? पोच लेखीच मागा. ऑनलाईन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा, मी आठवडाभर त्याच्या फोनची वाट बघत बसलो.

घ्यायचाच असेल तर आधी मोटरची प्लेट वाचा. डेल्टा आणि स्टार म्हणजे मोटरचं वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती. २३० डेल्टा, ४१५ स्टार लिहिलेली छोटी मोटर असेल तर डेल्टा जोडून व्हीएफडीवर चालते. नुसतं ४१५ डेल्टा असेल तर साधा व्हीएफडी नको, कोण काहीही सांगो.

बॉक्स, दोन्ही स्टिकरचे फोटो, चॅट सगळं जपून ठेवलंय. तुमच्याकडे असाच दोन स्टिकरचा बॉक्स आला असेल तर फेकू नका, मला कळवा, मिळून तक्रार करू.