ओदावारातील एका घरी नववर्षाचा आठवडा : यजमान कुटुंबाकडील निवासाचे परीक्षण

जपानी कुटुंबांकडे राहण्याची सोय करून देणाऱ्या एका संस्थेमार्फत मी 29 डिसेंबर ते 4 जानेवारी अशा सहा रात्री ओदावारा येथे काढल्या. तोक्योहून शिंकानसेनने साधारण 35 मिनिटांवर असलेले कानागावा प्रांतातील हे शहर त्याच्या किल्ल्यासाठी आणि कामाबोको या वाफवलेल्या मत्स्यवडीसाठी प्रसिद्ध आहे. दर एका रात्रीला 7,000 येन होता आणि त्यात सकाळचे व रात्रीचे जेवण धरलेले होते. संस्थेच्या माहितीपत्रकात ‘पारंपरिक आदरातिथ्य’ असे शब्द ठळक छापले आहेत, ते वाचून कोणी पाहुणचाराच्या अपेक्षेने या आठवड्यात जाणार असेल तर त्याने दुसरा आठवडा निवडावा, कारण ओशोगात्सु म्हणजे नववर्षाच्या दिवसांत जपानी घर स्वतःच्याच कामात इतके गुंतलेले असते की पाहुण्याला वेगळे बसवून ठेवायला कोणालाही सवड नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे माझ्या लक्षात आले. वर्षअखेरीची मोठी साफसफाई, जिला ओसोजि म्हणतात, ती अजून पुरी व्हायची होती आणि ओकासानांनी (यजमानीणबाईंना याच नावाने हाक मारायची असते) कसलीही प्रस्तावना न करता माझ्या हाती एक ओले फडके आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. दिवाळीपूर्वी पुण्याच्या घरी ज्या कामातून मी दरवर्षी शिताफीने निसटतो, ते काचा पुसण्याचे काम मी तिथे अडीच तास निमूटपणे केले. तोवर ओतोसानांनी (यजमानांना अशी हाक मारतात) दाराला शिमेकाझारि, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा पवित्र मानलेला वळलेला दोर, लावून घेतला. आदल्या दिवशी तो का लावला नाही, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की 29 मधील नवाचा उच्चार ‘कु’ होतो आणि कु म्हणजे क्लेश, त्यामुळे तो दिवस टाळतात. 31 तारखेला लावणेही अयोग्य, कारण एका रात्रीपुरती सजावट हा येणाऱ्या देवाचा अनादर समजला जातो.

घर लाकडी आणि थंड होते. जपानमधील बऱ्याच घरांत सगळ्या खोल्या एकदम उबदार ठेवण्याची व्यवस्था नसते, त्यामुळे ऊब असते ती कोतात्सुखाली, म्हणजे रजई पांघरलेल्या आणि खालून विजेने तापणाऱ्या बुटक्या मेजाखाली. तिथून स्वच्छतागृहापर्यंतचा बोळ मात्र पहाटे अंगावर काटा आणतो. जाड मोजे न्यावेत. न्हाणीघराची शिस्त आधीच माहीत असलेली बरी : बाहेर बसून साबणाने पूर्ण आंघोळ करायची, मगच टबातील कढत पाण्यात उतरायचे, आणि निघताना पाणी सोडून न देता टबावर झाकण घालायचे, कारण तेच पाणी पुढे सर्वांना वापरायचे असते. पाहुणा म्हणून मला पहिला मान मिळत असे. दुसऱ्या दिवशी त्यातले उरलेले पाणी छोट्या पंपाने कपडे धुण्याच्या यंत्रात जात असे, हे मला फार आवडले.

तक्रार आहे ती जेवणासंबंधी, आणि ती कुटुंबाविषयी नसून संस्थेविषयी आहे. अर्जात मी ‘शाकाहारी, मासेही नाहीत’ असे स्पष्ट लिहिले होते. कुटुंबापर्यंत त्यातले फक्त ‘मांस खात नाही’ एवढेच पोहोचले. जपानी स्वयंपाकात मासा दिसत नसला तरी दाशि या मूळ रश्श्यात वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस बहुधा असतोच, हे ज्या संस्थेचा हाच व्यवसाय आहे तिने दोन्ही बाजूंना समजावून सांगायला हवे होते. 31 तारखेच्या रात्री सरत्या वर्षाचे सोबा समोर आले तेव्हा मोठा पेच पडला. उपासाला चालणाऱ्या कुट्टूच्या पिठाच्या त्या शेवया, पण पोहत होत्या माशाच्या पाण्यात! ओकासानांनी क्षणभर विचार करून माझ्या शेवया वेगळ्या धुतल्या आणि सोयासॉस, किसलेला मुळा व कांद्याची पात घालून वाटी पुढे ठेवली. शेवया लांब म्हणून आयुष्य लांब आणि सहज तुटतात म्हणून वर्षाची पीडाही तुटते, असे दोन्ही अर्थ आजींनी मला सांगितले.

त्या रात्री कोतात्सुभोवती सगळे दाटीवाटीने बसून, 1951 साली रेडिओवर सुरू झालेला आणि आता दूरचित्रवाणीवर होणारा कोहाकु हा गायिकांचा लाल आणि गायकांचा पांढरा संघ यांचा सामना पाहत होते. नातवंडांना एकही जुना गायक ठाऊक नव्हता आणि आजींना एकही नवा. मध्यरात्रीच्या सुमारास जवळच्या देवळातील घंटेचे टोल ऐकू येऊ लागले. मानवाच्या 108 विकारांसाठी 108 टोल देतात.

1 जानेवारीच्या सकाळी ओसेचि म्हणजे लाखेचा लेप दिलेल्या, एकावर एक थर असलेल्या डब्यात रचलेला सणाचा फराळ निघाला. तो आधीच करून ठेवतात, म्हणजे सणाच्या दिवशी चूल पेटवावी लागत नाही. साखरेत शिजवलेले काळे सोयाबीन, रताळ्यात घोळवलेले चेस्टनट आणि मुळा-गाजराची आंबटगोड कोशिंबीर मला चालणारी होती. हेरिंगची अंडी, वाळवलेल्या छोट्या मासळ्या आणि गावचा अभिमान असलेला लाल-पांढरा कामाबोको मी नुसते पाहिले. खरे जेवण दुसऱ्या दिवशी मिळाले. या भागात ओझोनि या नववर्षाच्या पदार्थात मोचि, म्हणजे चिकट तांदळाची वडी, चौकोनी कापून भाजून निवळ रश्श्यात घालतात, परंतु ओकासानांचे माहेर क्योतोचे, तिथे मोचि गोल आणि रस्सा पांढऱ्या मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा), तोही केवळ कोंबु या समुद्री शेवाळाच्या पाण्यातला. माहेरची ती वाटी त्यांनी खास माझ्यासाठी केली. ओतोसानांनी मात्र ‘हे गोडसर आहे’ असे म्हणून स्वतःचा निवळ रस्साच पसंत केला, आणि हा वाद त्या घरात दरवर्षीचा असावा असे सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले.

त्याच दुपारी आम्ही छोटे कागदी झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. 1920 पासून चालत आलेल्या हाकोने एकिदेन या विद्यापीठांच्या सांघिक दौडीत चौथा धावपटू खांद्यावरचा पट्टा पाचव्याला ओदावारातच देतो, आणि तिथून डोंगराची चढण सुरू होते. प्रत्येक धावपटू आमच्या समोरून काही सेकंदांत निघून गेला. त्यासाठी आजी तासभर आधीपासून थंडीत उभ्या होत्या.

सोय म्हणून सांगायचे तर रोख रक्कम आधीच काढून ठेवावी, कारण बँका 31 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद असतात. मुले असलेल्या घरी जाताना छोट्या पाकिटांत कोऱ्या नोटा न्याव्यात. प्रौढ पाहुण्याने ओतोशिदामा, म्हणजे मुलांना नववर्षानिमित्त द्यायचे पैसे, दिला तर कोणी नाही म्हणत नाही. थोडीफार जपानी येत नसेल तर मात्र संध्याकाळी जड जातील.

परतल्यावर संस्थेने अभिप्रायाचा अर्ज पाठवला. त्यात शाकाहाराविषयी एकही रकाना नव्हता; ‘यजमानांनी आपल्याला प्रेक्षणीय स्थळे दाखवली का?’ हा प्रश्न मात्र पहिलाच होता. मी ‘नाही’ समोर खूण केली, कुटुंबाला पाचपैकी पाच गुण दिले, आणि संस्थेच्या रकान्यात दोन.