जंपिंग रॉड बदलले, त्यानंतरचा एक पावसाळा

पुढच्या चाकाकडची खटखट घालवायला जंपिंग रॉड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या बारच्या टोकाच्या छोट्या लिंक, बदलले; त्याची ही हकीकत. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सत्तर हजार किलोमीटरच्या पुढे पळालेली. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम), म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची असते तीच मांडणी. राहायला कोल्हापूर, सासरवाडी रत्नागिरी, त्यामुळे आंबा घाट वर्षभर ठरलेला.

आवाज पुढून, डाव्या बाजूने यायचा. पेव्हर ब्लॉकवरून किंवा उखडलेल्या डांबरावरून वीस-तीसच्या वेगाने जाताना खट्-खट्-खट्, डब्यात सुपारी हलवल्यासारखा. हायवेला लागलं की गप्प. आई मागे बसून दर वेळी म्हणायची, "अरे, खालून काहीतरी गळून पडेल बघ."

सर्व्हिस सेंटरने एक फेरी मारून निकाल दिला: पुढचे दोन्ही शॉकअप गेले, माउंट-बेअरिंग धरून बारा-तेरा हजार. मला ते पटेना. शॉकअप गेला की बहुधा त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ येतो आणि धूळ चिकटून काळं पुट बसतं. माझे दोन्ही कोरडे ठणठणीत. गाडीचा कोपरा दाबून सोडला तर एकदा वर येऊन जागेवर थांबत होता. ही परीक्षा ढोबळच आहे, पण तेरा हजार मोजण्याआधी करून बघायला काय जातं?

खरा उलगडा स्पीडब्रेकरवर झाला. सरळ, दोन्ही चाकं एकदम चढवली तर आवाज नाही. तोच ब्रेकर तिरका घेतला, एक चाक आधी आणि एक नंतर, की खट्! याचं कारण स्टॅबिलायझर बारमध्ये आहे. हा बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर तो नुसता फिरतो, पिळला जात नाही, त्यामुळे त्याच्या टोकाच्या लिंकवर फारसा जोर येत नाही. एकच चाक उचललं गेलं की बार पिळला जातो आणि लिंकच्या टोकाच्या गोल सांध्यात ढिलाई असेल तर ती वाजते. या लिंकलाच गॅरेजमध्ये जंपिंग रॉड म्हणतात. शॉकअप दोषी असता तर सरळ ब्रेकरवरही बोलला असता.

बाकीचे संशयित पटकन निघाले. खराब रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवला तरी आवाज तसाच, म्हणजे पॅड नव्हेत. स्टीअरिंग पूर्ण कापून वळवताना कट्-कट् नाही, म्हणजे ॲक्सलचा जॉइंट ठीक.

उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या पोराने जॅक काढला तशी मिस्त्रीमामांनी हाक मारली, "जॅक नको रं, पिटवर घे. चाकांवरच राहू दे गाडी." पिट म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा. गाडी चाकांवर राहणं फार महत्त्वाचं. एकच बाजू जॅकवर उचलली की बार ताणला जातो, लिंक घट्ट होऊन बसते आणि खराब असली तरी हाताला चांगली लागते. पिटवर पोराने वरून गाडी डुलवली, मामांनी खालून लिंक मुठीत धरली. मग माझाही हात तिथे ठेवायला लावला. टिकटिक सरळ बोटांत जाणवत होती. काढल्यावर रबरी बूट फाटलेला आणि आत ग्रीसच्या जागी घाटाखालची तांबडी माती.

दोन्ही बाजूंचे रॉड बदलले, कारण वय दोघांचं सारखंच. बारला धरणारे रबरी बुशही नवे. डाव्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश चिरलेला निघाला, तो प्रेसवर बसवून घेतला. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी खाली उतरवून, वजन चाकांवर आल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. घाईच्या ठिकाणी हे कोणी करत नाही, म्हणून शेजारी उभं राहून करून घ्यावं. आर्म चाकाला जोडणारा बॉल जॉइंट टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून बघितला, घट्ट होता. तो ढिला निघाला असता तर गाडी तिथेच ठेवली असती, तिथे खेळ नको. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास, वर अलाइनमेंटचे वेगळे. नुसत्या जंपिंग रॉडसाठी अलाइनमेंट लागत नाही, आर्म उतरवला म्हणून केली.

आता त्यानंतरचं. अख्खा पावसाळा गेला, घाटातल्या खड्ड्यांनी कसर ठेवली नाही, पण खटखट परत आलेली नाही. परवा टायर बदलताना वाकून बघितलं: बूट शाबूत, ग्रीस बाहेर नाही, नटही जागेवर. ब्रेक मारताना गाडी डावीकडे किंचित ओढायची तेही थांबलं. ते श्रेय मी आर्मच्या बुशला देतो.

गाडी मऊ मात्र झालेली नाही. आवाज गेला म्हणजे हादरे गेले असं नसतं. खड्डा अजून खड्ड्यासारखाच लागतो. बारचे बुश बाहेरच्या मेकचे घेतले, ते थंडीत सकाळी कुईकुई करतात. मिस्त्रींचा पोरगा त्यावर इंजिन ऑइल मारायला निघाला होता, त्याला अडवलं. खनिज तेलाने रबर फुगून खराब होतं. सिलिकॉन ग्रीस लावलं की काही आठवडे शांतता असते. पुढच्या वेळी कंपनीचेच घेईन, किमतीत फरक असा कितीसा!

उजवीकडे वर आता नवा 'टंग' सुरू झालाय, गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की. बायकोला स्टीअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगला हात लावला, तर ती अडकून एकदम सुटते. म्हणजे स्ट्रटच्या वरचं बेअरिंग. चालवताना त्रास नाही, म्हणून तूर्त थांबलोय. शॉकअप खरंच जातील तेव्हा त्यांच्याबरोबरच बदलेन, दोन्हींसाठी स्प्रिंग उतरवायची मजुरी एकच पडते.