कंपनीचा विमा की स्वतःचा?

ब्रिटनमध्ये आजारपणात पगाराची सोय करणारा विमा कंपनीच देत असेल, तर स्वतःचा कशाला? असं बरेच जण विचारतात.

हप्ता कंपनी भरते, हे उत्तमच. पण हाती येणाऱ्या पैशांवर आयकर कापला जातो. स्वतःच्या पॉलिसीवर तो नाही.

खरी मेख सरकारी भत्त्यात आहे. नोकरी सुटूनही कंपनीच्या विम्याचे पैसे चालू राहिले, तर आठवड्याला ८५ पौंडांवरच्या रकमेच्या निम्मे ‘न्यू स्टाइल ईएसए’मधून (आजारपणामुळे काम करता न येणाऱ्यांचा सरकारी भत्ता) वजा होतात. १८५ मिळाले, की ५० गेले! निम्म्याहून जास्त हप्ता तुम्हीच भरला असेल, तर कपात नाही. स्वतःच्या पॉलिसीला ही कात्री लागत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्न असणाऱ्यांची सरकारी मदत) मात्र तिचे पैसेही पौंडाला पौंड वजा होतात.

एकाच कंपनीत टिकणाऱ्याला कंपनीचा विमा पुरे. वरचेवर नोकरी बदलणाऱ्याने स्वतःचा घ्यावा, आणि तब्येत धडधाकट असतानाच.